रोज नवे गाव, रोज नवे नाट्यगृह

सकाळी जिथे मोकळे रान असते, तिथे संध्याकाळी तंबू चढतो, कनात लागते आणि रात्री हलगी कडाडते. पहाटे सगळे उतरवून गाड्या पुढच्या गावाच्या वाटेला लागतात. संगमनेरचा कांताबाई सातारकर यांचा तमाशा फड हे असेच फिरते नाट्यगृह.

कांताबाईंचा जन्म 1939 सालचा, गुजरातेतला. आईवडील दगडखाणीत मजुरी करत. बालपण साताऱ्यात गेले, म्हणून त्या सातारकर. तुकाराम खेडकर यांच्या फडात त्या नावारूपाला आल्या. वगनाट्यांत दोघांची जोडी गाजत असताना 1964 साली खेडकरांचे निधन झाले. कांताबाईंच्या पदरात दोघांची लहान मुले होती. तरीही 1969 साली कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला.

तमाशात नेपथ्याचे बरेचसे काम कलावंताचे शरीरच करते. रंगमंचावर एक फेरी मारली, की पात्र दुसऱ्या गावी पोहोचते. पावलांच्या ठेक्यातून घोडा दिसतो, ढोलकीच्या थापेवर लढाई पेटते. गण, गौळण, बतावणी आणि वग असा रात्रभराचा खेळ पेलायला गळा, पाय आणि दम तिन्ही लागतात. कांताबाईंनी याच बळावर छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिकाही गाजवली.

असा फड तंबूतल्या तिकीटविक्रीवर आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपारीवर चालतो. दसऱ्याला हंगाम सुरू होतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी तिथे येऊन यात्रेची सुपारी ठरवतात. पावसाळ्यात खेळ बंद. तेव्हा पुढच्या हंगामासाठी कलावंतांना उचल द्यावी लागते. एक अवकाळी पाऊस किंवा एक रद्द झालेली यात्रा फडमालकाला कर्जात लोटू शकते. पन्नास वर्षे फड टिकवणे किती अवघड, ते या हिशेबावरून कळते.

राज्य शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराच्या कांताबाई पहिल्या मानकरी. 2020 आणि 2021 साली कोरोनाने यात्रा बंद पाडल्या. त्याच साथीत 25 मे 2021 रोजी संगमनेरात त्यांचे निधन झाले.

फड पुढे चालवण्याची जबाबदारी त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांनी आधीच खांद्यावर घेतली होती. मंडळाच्या नावात आई आणि मुलगा ‘सह’ या एका शब्दाने जोडलेले आहेत. गाडीवर रंगवलेले ते नाव दिसले, की आज रात्री आपल्या गावात नाट्यगृह उभे राहणार, हे लोकांना कळते.