बोटात अंगठी, झाडाला आंबा आणि इंग्रजीचं ‘ऑन’

आपण चपला पायात घालतो. खरं पाहिलं तर पाय चपलेत असतात. अंगठी बोटात घालतो, तेव्हा बोट अंगठीत शिरलेलं असतं. सदरा अंगात, बांगड्या हातात, हार गळ्यात. वस्तू बाहेरून वेढा घालते, तरी मराठी ‘त’ वापरते आणि कुणाला त्यात काही चुकतंय असं वाटत नाही. शाल मात्र अंगावर, उपरणं खांद्यावर. ते नुसतं टेकलेलं असतं, काढायला कष्ट नाहीत. कुंकू कपाळाला, तोरण दाराला, आंबे झाडाला: हे चिकटलेलं किंवा लटकलेलं. त्याच आंब्याच्या झाडावर बसलेला पोपट मात्र ‘झाडावर’, कारण तो कधीही उडून जाईल.

आता इंग्रजीकडे वळा. अंगठी बोटावर ‘ऑन’, चप्पल पायावर ‘ऑन’, कुंकू कपाळावर ‘ऑन’, आंबा झाडावर ‘ऑन’. आपले तीन खण तिथे एकच. आणि पोपट? तो ‘इन द ट्री’! इंग्रजीच्या नजरेला झाड म्हणजे पानांची खोली, आणि पोपट तिच्या आत. शाळेतल्या तक्त्यात ‘ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत’ असं पाठ केलेल्या मुलाची इथे पंचाईत होते. चूक मुलाची नाही, तक्त्याची आहे. प्रिपोझिशन हे मराठी शब्दयोगी अव्ययाचं इंग्रजी नाव नव्हे. ती जागेची वेगळीच वाटणी आहे. जर्मन माणसाला आपली वाटणी थोडी ओळखीची वाटेल: टेबलावरच्या पुस्तकाला तो ‘आउफ’ म्हणतो, पण भिंतीवरच्या चित्राला, झाडाच्या फळाला आणि बोटातल्या अंगठीला ‘आन’. कोरियन भाषेत तर घट्ट बसतं की सैल, यालाच महत्त्व. बोटात अंगठी चढवणं आणि पेनाला टोपण लावणं, दोन्हीला एकच क्रियापद. सूनजा चोई आणि मेलिसा बॉवरमन यांनी 1991 मध्ये दाखवलं की दोन वर्षांच्या आतली मुलंसुद्धा आपापल्या भाषेच्या या वाटणीप्रमाणे बोलू लागलेली असतात. व्याकरण शिकायच्या कितीतरी आधी!

इंग्रजीला या शब्दांची इतकी गरज का पडली, ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. दगड, दगडाचा, दगडाला हे अर्थ शब्दाच्या शेपटीवरून कळत. हळूहळू त्या शेपट्यांचे उच्चार अस्पष्ट झाले आणि बहुतेक गळून पडल्या. मग कोणाचं काय, कुठून कुठे, कशाने, हे सांगायचं काम प्रिपोझिशनांवर पडलं. जुनी खूण सर्वनामांत शिल्लक आहे. ‘ही’चं ‘टू हिम’ होतं, जसं आपल्या घोड्याचं ‘वर’ लागण्याआधी ‘घोड्या’ होतं. इंग्रजीला सामान्यरूप नाही असं कोण म्हणतो?

गंमत अशी की आपल्याकडेही हेच घडलं. संस्कृतच्या भरगच्च विभक्ती प्राकृतात झिजल्या आणि मराठीने वर, खाली, साठी, कडे, पासून असे शब्द कामाला लावले. झीज दोन्हीकडे झाली, पण डागडुजी इंग्रजीने नामाच्या पुढे केली, तर मराठीने मागे. त्यातही आपलं ‘वर’ आलं संस्कृत ‘उपरि’वरून, आणि इंग्रजीचं ‘ओव्हर’ त्याच ‘उपरि’चं भावंड. ‘मध्ये’ आणि ‘अमिड’ यांचंही तसंच. एकाच घराण्यातले शब्द, एकाने नामाच्या पुढची जागा घेतली, दुसऱ्याने मागची.

ही जागा कशी ठरते? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 मध्ये 30 भाषा तपासल्या, तेव्हा त्यांना एक जोडी सापडली. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणाऱ्या भाषा असे शब्द बहुधा नामाच्या मागे लावतात: मराठी, कन्नड, तमिळ, जपानी, तुर्की. क्रियापद कर्त्याच्याही आधी आणणाऱ्या अरबी किंवा वेल्शसारख्या भाषा नामाच्या पुढे. फारसी मात्र हट्टी आहे, तिच्यात क्रियापद शेवटी असूनही हे शब्द पुढे येतात. इंग्रजीत क्रियापद कर्माच्या आधी, तसं प्रिपोझिशन नामाच्या आधी. ‘फ्रॉम बिहाइंड द हाउस’ हे शब्द उलट्या क्रमाने वाचा: घरा, मागू, न. आरशात पाहावं तसं ‘घरामागून’ समोर उभं राहतं.

या शब्दांचे पूर्वज तपासले तर आणखी मजा येते. ‘ऑफ’ हा संबंध दाखवणारा शब्द आणि ‘ऑफ’ हा दूर झाल्याचं सांगणारा शब्द मुळात एकच. पुढे उच्चार आणि स्पेलिंग फुटलं. बँक ऑफ महाराष्ट्रची पाटी देवनागरीत लिहिताना आपण नकळत त्यांना पुन्हा एकत्र आणतो. ‘विथ’चा जुना अर्थ होता ‘विरुद्ध’, आणि ‘कुणाशी भांडणं’ म्हणजे ‘फाइट विथ’ यात तो अजून जिवंत आहे. ‘डाउन’ म्हणजे ‘टेकडीवरून खाली’ या जुन्या शब्दसमूहाचा उरलेला तुकडा. म्हणजे खाली सांगणाऱ्या शब्दाच्या पोटात टेकडी आहे.

आता खरी कसोटी. प्रिपोझिशन आणि त्याच्या मागे येणारं नाम मिळून जो शब्दसमूह होतो, तो इंग्रजी वाक्यात कुणाला चिकटला आहे, हे तो स्वतः सांगत नाही. ‘आय सॉ द मॅन ऑन द हिल विथ अ टेलिस्कोप’ हे जुनं, प्रसिद्ध उदाहरण. टेकडीवर कोण होतं, मी की तो माणूस? दुर्बीण माझ्याकडे, त्याच्याकडे, की टेकडीवरच बसवलेली? व्याकरणाला पाच अर्थ चालतात. असे शब्दसमूह तीन झाले की चौदा अर्थ, चार झाले की बेचाळीस. 2, 5, 14, 42 ही गणितातल्या ‘कॅटलन संख्यां’ची माळ आहे, हे केनेथ चर्च आणि रमेश पाटील यांनी 1982 मध्ये मांडलं. संगणकाला इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या नाकी नऊ आणणाऱ्या अडचणींत ही एक मोठी.

मराठी इथे एक सुंदर युक्ती करते आणि आपण ती इतक्या सहज वापरतो की तिचं कौतुक करायचं राहून जातं. ‘टेकडीवर’ क्रियापदाकडे जातं. नामाकडे जायचं असेल तर त्याला ‘चा’ किंवा ‘ला’ची मोहोर लागते: टेकडीवरचा, घरातला, टेबलाखालचा. ‘मी टेकडीवरच्या माणसाला दुर्बिणीतून पाहिलं’ म्हटलं की पाचातले चार अर्थ बाद. मराठी संदिग्ध नसतेच असं नाही. ‘पुण्याहून आलेल्या मित्राच्या मुलाला’ यात पुण्याहून आला कोण, मित्र की मुलगा? पण इंग्रजीची ही विशिष्ट अडचण तिने एका अक्षरात सोडवली आहे.

राहिला एक जुना धाक. प्रिपोझिशनने वाक्य संपवायचं नाही, हे अनेकांनी शाळेत ऐकलं असेल. हा आक्षेप कवी जॉन ड्रायडनने 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या लिखाणावर घेतला. तो नियम त्याने इतका मनावर घेतला की 1684 मध्ये स्वतःचा जुना निबंध पुन्हा छापताना त्यातली अशी वाक्यंही बदलली. इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र त्याचं कधीच ऐकलं नाही. 1762 मध्ये व्याकरणकार रॉबर्ट लाउथने ही आपल्या भाषेची ओढच आहे असं लिहिलं, आणि ते वाक्यही प्रिपोझिशननेच संपवलं. तेव्हा ‘हू आर यू टॉकिंग टू?’ असं बिनधास्त विचारा. ते अस्सल इंग्रजी आहे.