किल्ली दिली म्हणजे कर्ज फिटलें काय ?

परदेशीं नोकरीस जाणें ही गोष्ट आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांस आतां नवी राहिलेली नाहीं. परंतु मागें राहणाऱ्या कर्जाऊ घराचें काय करावें, ह्याचा विचार मात्र बहुधा विमानाचें तिकीट हातीं पडल्यावरच सुरू होतो. गेल्या महिन्यांत एक गृहस्थ आमचेकडे सल्ल्यास आले. पगारदार, सचोटीचे, हप्ता कधीं न चुकविलेले. पण कॅनडास निघण्याचा दिवस ठरला आणि घरास गिऱ्हाईक मिळेना. तेव्हां ते म्हणाले, "घर बँकेचेंच आहे, किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवितों आणि मोकळा होतों." ह्या एका वाक्यांत दोन चुका आहेत, व त्या पुष्कळांच्या मनांत रुजलेल्या असल्यामुळें त्यांविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

पहिली चूक ही कीं, घर बँकेचें नसतें. १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतरण कायद्याप्रमाणें गहाण म्हणजे विक्री नव्हे. मालकी ऋणकोचीच राहते, बँकेस केवळ तारणाचा हक्क मिळतो, आणि पैसे भरून घर सोडविण्याचा ऋणकोचा हक्क ६० व्या कलमानें राखून ठेविला आहे.

दुसरी चूक अधिक घातक. कर्ज घेतांना आपण घर गुंतवितों, तसेंच आपलें वचनही गुंतवितों. घराचा ताबा सोडला म्हणून वचन सुटत नाहीं. हप्ते थकल्यावर २००२ च्या सरफेसी कायद्यान्वयें बँक ६० दिवसांची नोटीस देते, आणि मग कोर्टांत दावा न लावतां घर ताब्यांत घेऊन विकूं शकते. विक्रींतून कांहीं उरलें तर तें ऋणकोस परत द्यावें, पण तूट आली तर ती त्याच्याकडून वसूल करतां येईल, असें १३ वें कलम स्पष्ट सांगतें. समजा, देणें ४० लाख आणि लिलांवांत आले ३२ लाख. तर उरलेले ८ लाख, शिवाय व्याज व खर्च, ऋणकोच्या डोक्यावर राहिलेच. तो दूर असला तरी जामीनदार जवळच असतो. आणि करारांत निराळें ठरलें नसेल तर १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें त्याची जबाबदारी ऋणकोइतकीच आहे. म्हणजे जांवई टोरंटोस, आणि वसुलीचा कारकून सासऱ्यांच्या दारांत !

ऋणको सांपडला नाहीं तर नोटीस दारास चिकटवून व वर्तमानपत्रांत छापून बजावतां येते. लिलांवाची नोटीस प्रसिद्ध झाली कीं, २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणें घर सोडविण्याची संधिही जाते. कुलुपबंद दारावरचा तो कागद वाचणार कोण ?

हा गैरसमज आला कोठून ? २००८ च्या सुमारास अमेरिकेंत घरांच्या किमती कोसळल्या, तेव्हां कित्येकांनीं किल्ल्या बँकेकडे टपालानें धाडल्याच्या कथा इकडे पोहोंचल्या. पण कॅलिफोर्नियासारख्या संस्थानांत राहत्या घराच्या खरेदीसाठीं काढलेल्या कर्जाची तूट ऋणकोकडून मागण्यास कायद्यानेंच मनाई आहे. स्पेनमध्येंही २०१२ सालीं घर देऊन कर्जमुक्त होण्याची वाट उघडली, ती अगदीं निर्धन कुटुंबांपुरती. परक्याच्या कायद्याच्या भरंवशावर आपल्या घरचा व्यवहार करणें शहाणपणाचें नव्हे.

मग करावें काय ? निघण्यापूर्वीं निदान सहा महिने बँकेकडून आजमितीचें एकंदर येणें लेखी घ्यावें. बँकेच्या संमतीनें घर स्वतः विकावें. गिऱ्हाइकानें रक्कम परस्पर बँकेंत भरावी व बाकी आपण घ्यावी. तूट येत असेल तर समोर बसून तडजोड करावी आणि 'आतां कांहीं येणें नाहीं' असा बेबाकीचा दाखला सहीशिक्क्यानिशीं घ्यावा. विक्री अपुरी राहिली तर विश्वासू माणसास मुखत्यारपत्र द्यावें, नवा पत्ता बँकेस कळवावा व हप्ता चालू ठेवावा. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत दस्तऐवज परत न देणाऱ्या बँकेनें आपल्या कसुरीच्या दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा हुकूम आहे. तोही ध्यानांत ठेवावा.

दोष सर्वस्वीं ऋणकोचाच आहे, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं झालेल्या कायद्यानें कर्जाच्या हिशेबाचा मूळापासून तपास करण्याचें कर्तव्य कोर्टांवर घातलें. परक्या सरकारास तेव्हां जें सुचलें, तें स्वराज्यांत कां सुचूं नये ? हप्ता न थकवितां आपण होऊन बँकेकडे जाणाऱ्या प्रामाणिक ऋणकोसाठीं कायद्यानें वाट आंखून द्यावी : बँकेनें ठराविक मुदतींत घराची किंमत ठरवावी, विक्रीस संमति द्यावी किंवा नकाराचीं कारणें लिहून द्यावीं, आणि हें सर्व ऋणकोस कळेल अशा मराठींत असावें. थकवणारासाठीं जप्तीचा मार्ग आहे आणि फेडूं इच्छिणारास मार्ग नाहीं, ही स्थिति न्यायाची नव्हे.

तोंपर्यंत आमचें सांगणें एवढेंच कीं, देश सोडतां येतो, घर सोडतां येतें. पण सही केलेलें वचन दाखला हातीं आल्यावांचून सुटत नाहीं. त्या गृहस्थांनीं किल्ली खिशांतच ठेविली आणि जाण्याचा दिवस तीन महिने पुढें ढकलला. त्यांनीं योग्य तेंच केलें.