बाळाला काढा देण्यापूर्वी

सर्दीला तुळस-आल्याचा काढा, पोटदुखीला ओव्याचा शेक ही आपल्या आजीची शिदोरी. पण केवळ परंपरेने चालत आले म्हणून काही मानू नका, हिताचे की अहिताचे ते स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मुलांच्या औषधालाही हीच कसोटी लावू या.

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. डॉक्टरांच्या औषधाशिवाय गुटी, काढा, पाणी काहीही नको. वर्षाच्या आत मध चाटवू नये. त्यातील जंतूंच्या विषाने बाळ लुळे पडू शकते. वर्षानंतर खोकल्याला अर्धा चमचा मध चालतो. जायफळ जास्त झाले तर बाळाला गुंगी येते; ती शांत झोप नव्हे. कापूर पोटात गेल्यास झटके येतात. जुलाबात काढ्यापेक्षा ओआरएस महत्त्वाचे. सोबत सांगितलेल्या मात्रेत १४ दिवस झिंक द्यावे.

बाळ दूध पीत नसेल, धाप लागली, छाती आत ओढली जात असेल, झटके आले, किंवा दोन महिन्यांखालील बाळाला ताप असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. लगेच आरोग्य केंद्र गाठा आणि घरी काय दिले तेही न लपवता सांगा.