काढा प्या, पण चवीसाठी

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तरी जुन्या घरांच्या मोरीमागे गवती चहाचे बेट हिरवेगार असते. सांडपाण्यावर ते वाढते, त्याला कुणी खत घालत नाही. पावसाची झड लागली किंवा घरात शिंका सुरू झाल्या की दोन पाती तोडायच्या, मुरगाळायच्या आणि पातेल्यात टाकायच्या. (मोरीच्या पाण्यावरचे गवत आहे, तेव्हा आधी नीट धुऊन घ्या.) मुरगाळण्याला अर्थ आहे. पातीचा लिंबासारखा वास सिट्रल या सुगंधी घटकाचा असतो आणि पाती चुरगळल्याशिवाय तो पुरता मोकळा होत नाही.

‘डॉक्टर, गोळ्यांबरोबर घरचा काढा घेतला तर चालेल ना?’ हा प्रश्न ओपीडीत रोज येतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेकदा थोडी भीती असते, आता हे रागावणार अशी. साध्या सर्दीत माझे उत्तर असते, जरूर घ्या. चांगला लागतो म्हणून घ्या.

गरम पेयाने बरे वाटते, हा मनाचा खेळ नाही. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठात 2008 मध्ये सर्दी झालेल्या 30 जणांवर एक छोटा प्रयोग झाला. त्यात फळांच्या रसाचे एकच सरबत गरम आणि साधे असे देऊन तुलना केली. नाकातून जाणारी हवा यंत्राने मोजली तेव्हा गरम पेयाने काही फरक पडलेला नव्हता. पण गरम सरबताने वाहते नाक, खोकला, शिंका, घशाची खवखव, हुडहुडी आणि थकवा या सगळ्यांत लगेच आराम वाटला आणि तो टिकलाही. म्हणजे आजार होता तिथेच होता, माणसाला मात्र बरे वाटले. सर्दी आपल्या गतीने जाते. तेवढे दिवस सुसह्य करणे हे काही लहान काम नाही.

आता कृती. घरोघरी एक गडबड होते, सगळे जिन्नस एकदम पातेल्यात पडतात आणि वीस मिनिटे खळखळ उकळतात. आयुर्वेदाने यात फरक केलेला आहे. औषधी पाण्यात उकळून, पाणी चौथ्या किंवा आठव्या हिश्शावर आटवले की तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. गरम पाण्यात नुसती भिजवून गाळली की फांट. थंड पाण्यात रात्रभर ठेवली की हिम. चवीसाठी प्यायचे तर आपल्याला बहुधा फांटच हवा असतो. आले, सुंठ, दालचिनी, मिरी हे कठीण जिन्नस पाच-सात मिनिटे उकळू द्या. मग गॅस बंद करून तुळस, पुदिना, गवती चहा टाका आणि झाकण ठेवा. पानांतली सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला, तर तेवढा वास कपातून गेला असे समजा. पाच मिनिटांनी गाळा. एका कपाला गवती चहाच्या एक-दोन पाती, आल्याचा नखाएवढा तुकडा, तुळशीची चार-पाच पाने पुरतात. यात चहाची पूड नसल्याने कॅफिनही नसते, रात्री प्यायला हरकत नाही. मात्र छातीत जळजळ होणाऱ्यांनी पुदिना टाळलेला बरा. त्याने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते आणि आम्ल वर येते.

पेय जरा निवू द्या. 65 अंश सेल्सिअसच्या वरची कढत पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये जाहीर केले आहे. आणि गोडाचे काय? आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. गूळ घातला की मधुमेहाला चालतो, ही समजूत मी रोज खोडतो आणि ती रोज परत येते. रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर यांत फार फरक कळत नाही.

2020 मध्ये या कपाचे रूप पालटले. करोना आला, आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदोनदा घ्यावा असे सुचवले. साधी, घरातली यादी होती. लोकांनी ती आपापल्या परीने वाढवली. त्यात गुळवेल आली, ज्येष्ठमध आला, एकाचे चार कप झाले आणि आठवड्याचे सहा महिने झाले. चवीचा प्रश्न संपला. जितका कडू तितका गुणकारी, असा हिशेब सुरू झाला. माझी तक्रार या हिशेबाविषयी आहे. एखाद्या वनस्पतीत शरीरावर परिणाम करण्याची ताकद आहे असे मानले, तर तिला मात्रा असणार, दुष्परिणाम असणार आणि चालू गोळ्यांशी तिचे भांडणही असू शकणार. औषध म्हणायचे आणि मोजायचे मात्र नाही, हे चालत नाही.

गुळवेलीचेच पाहा. 2020 च्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल, असे त्यांचे म्हणणे. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर दोन्ही बाजूंतून निघणारा सल्ला एकच आहे: कुंपणावरची वेल ओळखून रोज उकळून पिणे हे घरी करण्याचे काम नाही. यकृताचा आजार असलेल्यांनी किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नाहीच.

ज्येष्ठमध त्याहून फसवा, कारण तो गोड आहे. त्यातील ग्लिसरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराचे काम अडवते. मग शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते. घसा बसला म्हणून दोन दिवस काडी चघळली तर बिघडत नाही. पण 2020 मध्येच अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील 54 वर्षांच्या एका बांधकाम मजुराची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. तो काही आठवडे रोज ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची दीड पिशवी खात होता. पोटॅशियम इतके उतरले की हृदयाची लय बिघडून त्याचा मृत्यू झाला. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी रोजच्या काढ्यात ज्येष्ठमध घालू नये. गोळी बदलूनही दाब उतरत नसेल तर डॉक्टरांना काढ्याची यादी सांगावी. लोक हे सांगत नाहीत. ‘घरचेच आहे’ म्हणून ते औषधांत धरलेच जात नाही.

राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाची गोळी चहाबरोबर गिळण्याची सवय इथे सर्रास दिसते. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते आणि पुदिन्यासारख्या पानांच्या पेयांतही असे घटक असतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, कपासाठी तासभर थांबा. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचे दूध सोडून काही नको. ओव्याचे पाणी नको, बडीशेपेचेही नको. काढ्यातला मध वर्षाच्या आतल्या बाळाला तर चाटवायचाही नाही. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. मोठ्या मुलांच्या खोकल्याला मात्र झोपताना चमचाभर मध खरोखर आराम देतो.

खोकल्याचा विषय निघालाच आहे तर या गावात एक गोष्ट सांगावीच लागते. इथे घराघरांत विड्या वळल्या जातात, यंत्रमागाच्या कारखान्यांत कापसाचा कणा उडतो. खोकला सवयीचा होऊन जातो. तंबाखूच्या धुळीचा खोकला आहे, काढ्याने दबतो, म्हणून बायका महिना-महिना काढतात. काढ्याने घसा ओला राहतो आणि ढास कमी वाटते, ते खरेच. क्षयाचा जंतू मात्र त्याने मरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते आणि औषधेही मोफत मिळतात. तपासणीला जाताना काढा पिऊन गेलात तरी चालेल.

उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार गेला की गरम कप नकोसा होतो. तेव्हा हिम करा. दोन चमचे धणे, अर्धा चमचा जिरे जरा भरडून मडक्यातल्या तांब्याभर पाण्यात रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी गाळा. चिमूटभर मीठ, हवे तर भिजवलेला सब्जा. दुपारपर्यंत संपवा, इथल्या उन्हात ते संध्याकाळपर्यंत आंबते.