कुलूप लहान झालं, रांग सरकली

सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात थॉमस ग्लाइक्सनर यांनी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या हातात सोनेरी कागदात गुंडाळलेली एक भेट ठेवली. आत छापील कागद होते: ‘प्रीएम्प्ट-आरटी’चा उरलेला भाग लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये घ्यावा, अशी रीतसर विनंती. ती मान्य झाली आणि नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ आवृत्तीत रिअल-टाइम लिनक्स घरचं झालं. तोवर बाहेरचा पॅच म्हणून त्याने वीस वर्षं काढली होती. एवढा काळ कुठे गेला याचा माग काढायला लागलं, की पाऊल पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन अडतं. ती जागा म्हणजे लॉक.

सुरुवात १९९६ची. त्या जूनमध्ये लिनक्स २.० आलं आणि एका मशीनवर एकाहून अधिक प्रोसेसर चालवायची सोय झाली. दोन प्रोसेसर एकाच वेळी एकाच यादीत फेरफार करू लागले तर यादीचा विचका होणार, म्हणून लॉक हवं. ॲलन कॉक्स आणि मंडळींनी सर्वांत सोपा मार्ग धरला: अख्ख्या कर्नलला मिळून एकच ‘बिग कर्नल लॉक’. जुन्या वाड्यात कोठीची किल्ली एकट्या आजीच्या कमरेला असायची, तसा हा कारभार. आजी पूजेला बसली की सुना चुलीपाशी ताटकळत. दोन प्रोसेसरांपुरतं ते निभावलं. पुढे हे लॉक हळूहळू कोपऱ्यात ढकललं गेलं, पण पुरतं हद्दपार व्हायला मे २०११ उजाडला.

कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या शेड्युलरच्या घरीही तीच तऱ्हा होती. २.४ आवृत्तीपर्यंत सगळ्या प्रोसेसरांची मिळून एकच रनक्यू, म्हणजे तयार कामांची रांग, आणि तिला एकच लॉक. पुढचं काम निवडायचं तर लॉक धरून सगळी यादी चाळायची, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी दाराशी घिरट्या घालायच्या. २००२च्या जानेवारीत इंगो मोल्नार यांनी यावर नवा शेड्युलर पुढे केला: प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची रनक्यू, स्वतःचं लॉक. डिसेंबर २००३ मध्ये २.६ सोबत तो सर्वांच्या हाती आला.

सर्व्हरवाले खूश झाले. रिअल-टाइमवाल्यांचं गणित मात्र वेगळं असतं. सरासरी वेळ कितीही चांगली असो, त्यांना एकच विचारायचं असतं: सर्वांत वाईट वेळी किती थांबावं लागेल? सेकंदाला ४८,००० नमुने आणि ६४ नमुन्यांचा बफर अशी आवाजाची मांडणी घेतली, तर पुढचा बफर भरायला १.३३ मिलिसेकंद मिळतात. हजारदा वेळेत भरला आणि एकदा चुकला, तरी कानाला खट् ऐकू येतंच.

उशीर होण्याची एक खोड मंगळावरही दिसली होती. १९९७ मध्ये तिथे उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक अधूनमधून आपोआप रीसेट होई. हवामान नोंदवणारं किरकोळ काम लॉक धरून बसलेलं, महत्त्वाचं काम त्या लॉकसाठी थांबलेलं, आणि मधल्या दर्जाची कामं किरकोळाला पुढे सरकू देत नसत. उतारा १९९०च्या एका निबंधात शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी मांडलेला होता: लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वाट पाहणाऱ्याचा दर्जा द्या. पृथ्वीवरून तो पर्याय चालू केल्यावर यान ताळ्यावर आलं. हीच युक्ती २००६ मध्ये लिनक्सच्या आरटी-म्युटेक्समध्ये आली, आणि प्रीएम्प्ट-आरटीने तिच्या जोरावर बहुतेक स्पिनलॉक, म्हणजे वाट पाहणाऱ्याला घिरट्या घालायला लावणारी लॉक, झोपू शकणाऱ्या लॉकमध्ये बदलले.

पण प्रत्येकाची रांग वेगळी केली, की दुसराच पेच उभा राहतो. चार प्रोसेसर असतील तर सर्वांत महत्त्वाची चार रिअल-टाइम कामं चालू असायला हवीत, ती कुणाच्याही रांगेत असोत. म्हणून २००८ पासून कामांची ढकल-ओढ सुरू झाली. हातातलं मोठं काम संपलेला प्रोसेसर इतरांकडे पाहतो आणि कुणाकडे रिअल-टाइम काम अडकलेलं असेल, तर ते ओढून घेतो.

२०१५ मध्ये स्टीव्हन रॉस्टेट एका ४० कोअरच्या मशीनवर चाचणी घेत होते. दर १०० मायक्रोसेकंदांनी प्रत्येक प्रोसेसरवर एक थ्रेड जागा व्हायचा आणि आपल्याला किती उशीर झाला ते नोंदवायचा. आकडे आले ३०० ते ५०० मायक्रोसेकंद. त्यांनी कर्नलचा माग काढणारं, स्वतःच घडवलेलं एफट्रेस लावून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. एका प्रोसेसरकडे जास्तीचं एकच काम अडकलेलं, आणि मोकळे झालेले बाकीचे सगळे ते ओढायला धावलेले. एका लॉकपाशी बारापर्यंत प्रोसेसर अडलेले. त्यात ओढायचं तर दोन्ही रनक्यूंची लॉक हवीत, म्हणजे प्रत्येकाने स्वतःचं दार अडवून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. त्यांच्याकडे येणारी कामंही मग खोळंबली.

रॉस्टेट यांनी उलटा नियम केला: लॉक हिसकायला जाऊ नका, त्या प्रोसेसरला इंटरप्ट पाठवून सांगा, तोच काम ढकलेल. झुंबड ओसरली, आणि २०१७ मध्ये १२० प्रोसेसरांच्या मशीनवर नव्या वेषात परतली. एकाच प्रोसेसरवर इतके निरोप कोसळले, की तो काही मिनिटं तेच निपटत बसला. मग लक्षात आलं, निरोप्या एकच पुरे. तो अडलेल्या प्रोसेसरांकडे एकामागून एक फिरेल.

शेवटचा अडसर मात्र कर्नलच्या स्वतःच्या बोलण्याचा होता. ‘प्रिंटके’चा मजकूर सिरियल पोर्टवरून १,१५,२०० बॉडने जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,५०० अक्षरं. ऐंशी अक्षरांच्या एका ओळीला जवळपास ७ मिलिसेकंद, आवाजाचे पाच बफर. उशीर झाला हे सांगण्यातच आणखी उशीर व्हायचा. जॉन ऑग्नेस यांनी संदेश आधी बिनलॉकच्या बफरमध्ये टाकायची आणि छपाई वेगळ्या थ्रेडकडे सोपवायची व्यवस्था वर्षानुवर्षं खपून बसवली. ती बसली, तेव्हा कुठे सोनेरी कागद बाहेर निघाला.