जुन्या पापांची चर्चा आणि ऑगस्टीन यांचे उत्तर

पाप कबूल केले, प्रायश्चित्त घेतले, आयुष्याची वाट बदलली. तरीही लोकांची कुजबूज थांबत नाही. अशा वेळी ख्रिस्ती व्यक्तीने काय करावे? हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांच्यापुढे सोळाशे वर्षांपूर्वी हाच पेच उभा राहिला होता.

आजच्या अल्जेरियात ३५४ साली जन्मलेले ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानी पंथात होते. विवाहाविना एका स्त्रीसोबत ते राहिले. त्यांना मुलगाही झाला. ३८७ मध्ये मिलान येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे डोनेटस पंथीयांशी वाद पेटला, तेव्हा त्या पंथाचे बिशप पेटिलियन यांनी त्यांचा भूतकाळ चव्हाट्यावर आणला. ऑगस्टीन यांनी बाप्तिस्म्यापूर्वीच्या जीवनाचे समर्थन केले नाही. त्याचा आपणही धिक्कारच करतो, अशी भूमिका घेतली. मात्र ते मानी पंथाचे धर्मगुरू होते, हा आरोप त्यांनी ठामपणे खोडून काढला. ते केवळ ‘श्रोते’ या खालच्या श्रेणीत होते. चर्चची बाजू आपल्या चारित्र्यावर उभी नाही, असे सांगून त्यांनी वाद मूळ मुद्द्यावर आणला. अर्थात, ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात त्यांनी स्वतःच सारे लिहून ठेवल्याने लपविण्यासारखे फारसे उरलेही नव्हते!

खऱ्या-खोट्याचा हा भेद कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही आहे. खोटी बदनामी पाप आहेच. पण दुसऱ्याचा खरा दोषही सबळ कारणाशिवाय, तो ठाऊक नसलेल्यांना सांगणे पापच ठरते. ‘खरे तेच तर बोललो’ ही सबब येथे चालत नाही. ज्याच्याविषयी बोलले जाते, त्याला मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आधी बोलणाऱ्याला एकांतात भेटण्याचा मार्ग दाखवितो. प्रत्यक्षात मात्र अनेक जण उलट त्याचीच लफडी शोधू लागतात.

‘सबळ कारण’ हे शब्द येथे महत्त्वाचे. लैंगिक अत्याचाराची तक्रार म्हणजे चहाडी नव्हे, आणि पापक्षमा मिळाली म्हणून न्यायालयीन जबाबदारी संपत नाही. पूर्वी ‘बदनामी नको’ या नावाखाली अशी प्रकरणे अनेक देशांत दडपली गेली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये अशा अत्याचाराची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना कळविणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले. पापनिवेदनात ऐकलेल्या गोष्टींची गुप्तता मात्र कायम ठेवण्यात आली.