भिंतीवरचे ध्येयवाक्य आणि बेंगेरीचा झेंडा

कंपनीच्या भिंतीवर चौकटीत लावलेले ध्येयवाक्य म्हणजे सामायिक दृष्टी (संस्थेने कुठे पोहोचायचे याची सर्वांना पटलेली कल्पना), असा समज सर्रास आढळतो. तो स्वाभाविक आहे, कारण दिसते ते वाक्यच. पण हाताखालचा माणूस साहेबांना न विचारता एखाद्या दृष्टीच्या आधारे निर्णय घेऊ लागला, तरच ती सामायिक झाली. लग्नघरात मुहूर्त ठाऊक असल्यावर आचाऱ्याला वेगळा हुकूम लागत नाही, तसेच.

हुबळीच्या बेंगेरी भागातील कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ पाहा. गांधीवादी कार्यकर्त्यांनी १९५७ मध्ये तो स्थापन केला. भारतीय मानक ब्यूरोच्या (वस्तूंचे दर्जानिकष ठरवणारी राष्ट्रीय संस्था) निकषांनुसार राष्ट्रध्वज बनवणे, ही त्याची ओळख. सूतकताई, विणकाम, रंगाई, अशोकचक्राची छपाई, शिलाई. हात अनेक, निकष एकच: लांबी-रुंदी ३:२, आरे चोवीस. कुठेही चूक झाली तर झेंडा बाद! इथे ‘उत्तम दर्जा’ हा पोकळ शब्द राहत नाही, तो मोजता येतो; म्हणून काम बरोबर की चूक, हे करणाऱ्यालाच ठरवता येते.

दृष्टी अशी कामातच उतरावी लागते. म्हणून नेत्याने घोषवाक्य घडवण्याआधी शिलाईयंत्रावर बसलेल्या बाईला विचारावे: काम नेमके कुठे अडते?